फिल्केकाकांची सकाळची परीक्षा

फिल्केकाका रोज सकाळी आठ वाजता मला नॉर्वेचे जिल्हे म्हणून दाखवायचे, आणि ते म्हणताना घाबरलेले असायचे. शहात्तर वर्षांचा, सहा फुटी, खणखणीत आवाजाचा माणूस. पण त्या पाच मिनिटांत बोर्डाच्या तोंडी परीक्षेला उभा राहिल्यासारखा दिसायचा. परीक्षक मी. कॅनडातल्या ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत मी अन्नप्रक्रियेवर संशोधन करत होते आणि काकांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. शाळेत भूगोलात मी जेमतेम पास झालेली, पण काकांना परीक्षक हवा होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मुलगी मीनलताई दीड तासावर, कॅनडातल्याच लंडन नावाच्या शहरात हॉस्पिटलात कामाला होती.

नॉर्वेत जिल्ह्याला फिल्के म्हणतात. काका मूळचे नागपूरचे, पण चाळिशीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करायला नॉर्वेत गेले आणि रोगालँड नावाच्या फिल्केत चौदा वर्षं राहून मग कॅनडात आले. नॉर्वेचं कुणी भेटलं, की नाव विचारायच्या आधी ते फिल्के विचारायचे. गावातल्या मराठी मंडळींनी त्यावरूनच त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि काकांना ते आवडायचं.

परीक्षेला नॉर्वेच का, महाराष्ट्राचे जिल्हे का नाहीत, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“ते शाळेत पाठ केलेले,” काका म्हणाले. “लहानपणी शिकलेलं सगळ्यात शेवटी जाते, पोरी. आमचा दादा बायकोचं नाव विसरला होता, पण एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणे. मोठेपणी शिकलेलं आधी जाते. म्हणून पहारा तिथे ठेवायचा.”

या दादांनी त्यांना कायमचा धसका दिला होता. दादा विसरायला लागले तेव्हा घरचे सगळे “काही नाही, वय झालंय” म्हणत राहिले. एक दिवस दादा गॅस सुरू ठेवून फिरायला निघून गेले, आणि वहिनींचे दोन्ही हात भाजले. तेव्हापासून काका घराबाहेर पडताना स्टोव्हची बटणं तीनदा बघायचे. मग गाडीत बसल्यावर पुन्हा उतरून चौथ्यांदा. मी हसले, की म्हणायचे, “भीतीला कामाला लावावं. नाहीतर ती नुसती बसून खाते.” ज्या दिवशी यादी चुकेल त्या दिवशी गाडीची किल्ली मीनलच्या हातात द्यायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

काका तिथे राहत होते तेव्हा फिल्के एकोणीस होती. पुढे सरकारने एकत्र करून करून दोन हजार वीस साली त्यांची अकरा केली. काकांनी सत्तरी ओलांडल्यावर नवी यादी पाठ केली, पण मनापासून नाही. “तीन चांगले जिल्हे घेतले आणि विकेन नावाचं कडबोळं केलं. तिथल्या लोकांनाच ते आपलं वाटून नाही राह्यलं,” असं चिडून सांगायचे. त्या अकरा नावांची, त्यांच्याच सुबक अक्षरातली यादी माझ्याकडे दिलेली असायची. त्यांनी म्हणायचं, मी पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि शेवटी त्यांनी विचारायचं, “बरोबर?” मी “बरोबर” म्हटलं, की मग ते चहाला हात लावायचे. तीन वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

चोवीसच्या जानेवारीत मी मावशीच्या गावाहून, सरेहून परत आले. पहिल्याच सकाळी काका यादी म्हणू लागले, आणि माझी पेन्सिल थांबली. विकेन आलंच नाही. त्याच्या जागी जुनी तीन नावं आली. ट्रॉम्स आणि फिनमार्क हे एकच नाव म्हणून एका दमात यायचं, ते वेगवेगळं आलं. वेस्टफोल्ड आणि टेलेमार्कचंही तेच. अकराच्या जागी पंधरा. सत्तरीनंतरचं गेलं आणि माणूस मागच्या यादीत शिरला, अगदी काकांनीच सांगितल्यासारखं.

“बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणाले.

मूळची भित्री मी. त्या दिवशी मीनलताईला फोन लावायला तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. फोन केला, की काकांची किल्ली जाणार, मागोमाग घर जाणार. चार सकाळी मी तसंच “बरोबर” म्हणत राहिले आणि दिवसभर वरून गॅसचा वास येतोय का बघत राहिले. फोनवर नॉर्वेचा नकाशा उघडून बघावा, एवढं साधं मला सुचलं नाही.

पाचव्या दिवशीही माझं “बरोबर” ऐकल्यावर काकांनी चहा बाजूला सारला. “एक तारखेपासून तिकडे पंधराच आहेत,” ते म्हणाले. “लोकांनी हट्ट धरला, तीन ठिकाणी फोडाफोड झाली. आपला गडचिरोली चंद्रपुरातून निघाला ना, तसं. मी मुद्दामच तुला नाही सांगितलं. तुझ्या कागदावर अकरा. त्या हिशोबानं मी पाच दिवस चुकून राह्यलो. तू काय म्हणाली?”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“तू मायेनंच बोलली असशील,” ते म्हणाले. “दादाच्या घरचेही मायेनंच बोलत होते. पण मग मला कळायचं कसं? मी विसरीन, याची भीती वाटतेच. पण मला कुणी सांगणारच नाही, याची फार वाटते.”

यापुढे चुकलं तर चुकलंच म्हणेन, असं मी वचन दिलं. त्यांनी पंधरा नावांची नवी यादी लिहून दिली. त्यानंतर मात्र सकाळी आठ वाजले, की मलाच घाम फुटायचा. शेवटचं नाव येईपर्यंत मी देवाचं नाव घेत बसायचे.

पुढच्या वर्षी एप्रिलात ते यादी म्हणून थांबले, तेव्हा माझ्या कागदावर चौदाच खुणा होत्या. पुन्हा मोजल्या. चौदाच.

“बरोबर?”

खोटं किती सोपं होतं, ते मला ठाऊक होतं.

“नाही, काका. चुकलं.”

“कोणतं?”

“रोगालँड.”

त्यांनी यादीचा कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग हळूच विचारलं, “तिथे मी राहत होतो ना गं?”

“हो, काका. चौदा वर्षं.”

त्यांनी मान हलवली, स्वतःच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “मीनल, ये. किल्ली घेऊन जा.”

“बाबा, everybody forgets things, okay? वय झालंय तुमचं, काही नाही. कोणी सांगितलं तुम्हाला असं?”

“खाली राहते ती पोरगी,” काका म्हणाले. “ती खोटं बोलत नाही.”