थोडक्यात हुकलेला डाव

मोबाइलवरच्या खेळात अगदी थोडक्यात हरलात, तेव्हा ते नशीबच होतं अशी खात्री आहे तुम्हाला?

परवा दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेले एक निवृत्त काका मोबाइलवर रंगीत गोट्या फोडत होते. एकच गोटी उरली आणि डाव संपला. "अरेरे, किती जवळ आलो होतो!" म्हणत त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं.

सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, उठा आता. तो डॉक्टर काय गोट्या खेळायला बसलाय?"

"आणखी एकच डाव गं!"

त्यांच्या मागचा नंबर असलेला माणूस आत गेला.

तो खेळ आमच्या कंपनीचा. ती गोटी आपोआप उरली नव्हती. सलग चार डाव हरलेल्या माणसाला पाचव्यात जिंकण्याच्या तोंडाशी आणून हरवायचं, हा नियम मीच लिहिला आहे. तो लिहायला सांगितला तेव्हा मी हरकत घेतली, तर आमचा टीम लीड हसला होता. "अरे, लोक आपल्या मर्जीने खेळतात. तू कशाला क्रांती करतोस?" तेव्हापासून मला त्या मर्जीचाच संशय येतो. ज्याची हळहळसुद्धा कुणीतरी आधीच ठरवून ठेवली आहे, त्याची मर्जी उरते किती?

काकांना हे सांगावं असं मला वाटलं, पण नोकरी आठवली आणि मी गप्प बसलो. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितो आहे. आज तुमच्या घरात कुणी असं हळहळत पुन्हा फोन उचलला, तर त्यांच्या शेजारी बसा आणि आमचा नियम त्यांना समजावून सांगा.