बाबांच्या गाडीतलं तिसरं पेडल

आज बाबांबरोबर तांबरमच्या गॅरेजमध्ये त्यांची गाडी आणायला गेलो. बाबांच्याच वयाची, परदेशी, कारखान्यातूनच ऑटोमॅटिक आलेली. बाबांचा डावा पाय लहानपणापासून लुळा आहे. क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो, म्हणूनच आजोबांनी ही बिनक्लचची गाडी शोधून घेतली होती.

मेकॅनिक खुशीत होता. "सार, इतक्या जुन्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठून येणार? कुणीतरी नंतर घातलेला. मी काढला. आता क्लच, गिअर, सगळं ओरिजिनल!"

"आणि जुना गिअरबॉक्स?" मी विचारलं.

"भंगारात गेला, सार."

मी ओरडलो. एक फोन करता येत नव्हता?

बाबा नेहमीसारखे स्टिअरिंगमागे बसले. खाली पाहिलं, आणि किल्ली माझ्या हातात देऊन शेजारी सरकले. "तू चालव."

ही किल्ली त्यांनी मला कधीच दिली नव्हती.

असा गिअरबॉक्स कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे?