मालतीमावशींचे हात

पियानोला बसण्याआधी मालतीमावशी शेजारच्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. आत त्यांचे यजमान, संगीतकार अनंतकाका, कान लावून बसलेले असत. काका गेले, खोली रिकामी झाली, तरी दार लावणं सुटलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ऐकतात गं ते. चुकलं की खाकरतात."

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मी त्यांच्याकडे पियानो शिकत होते. लग्नाआधी त्या मुंबई-कोलकात्याला मैफलींत युरोपातल्या जुन्या रचना वाजवायच्या. लग्नानंतर फक्त काकांच्या. जबरदस्ती कुणी केली नव्हती. "माझ्या हाताच्या मापानं शिवतात ते," मावशी म्हणायच्या. "आता दुसऱ्याचं सैल तरी होतं, नाहीतर काचतं."

काका गेल्यावर वर्षभराने अलकापुरीत मावशींची मैफल ठरली. आयोजकांना काकांचं संगीत हवं होतं. मावशींनी त्यांना गुजरातीत साफ सांगितलं, "ना भाई, आ वखते मारी पसंदनुं." या वेळी स्वतःच्या आवडीचं. लहानपणी शिकलेली एक रचना त्यांनी पुन्हा काढली आणि कित्येक महिने घोटली.

मैफलीत पानं उलटायला मी शेजारी होते. सुरुवात सुरेख झाली. मग मी एक पान उलटलं, आणि ऐकू आलं ते पानावर नव्हतंच. बोटं काकांच्या रचनेत शिरली होती. मावशी स्वतःच्या हातांकडे परक्यासारख्या बघत होत्या. मागे फिरायला दोनदा धडपडल्या. हात ऐकेनात. चेहरा पांढराफटक पडला होता, आणि वाजत होतं ते अप्रतिम होतं.

पतीला वाहिलेली श्रद्धांजली समजून लोक उभे राहिले, डोळे पुसू लागले. रिक्षात बसल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "ते मी नाही वाजवलं."

त्यानंतर त्यांनी पियानोला हात लावला नाही. पुढे आजारी पडल्या, तेव्हा मी दुपारी दवाखान्यात त्यांच्यापाशी बसे. एकदा पाहिलं, तर उजव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. मी वाकून विचारलं,

"काकांचंच ना?"

त्यांनी डोळे मिटून बराच वेळ लक्ष दिलं.

"नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं नाही. कुणाचंच नाही."

आणि इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं असं, लहान मुलीसारखं हसल्या. संध्याकाळपर्यंत बोटं चालत राहिली. मी ऐकायचा खूप प्रयत्न केला.