एकच चमचा

मेघनाचा संघ जिंकला त्या दिवसाचा एक फोटो आहे. तीन मुली शर्यतीची रेघ ओलांडताहेत. त्या तिघींत मेघना नाही. ती मागे कुठेतरी एकटी येते आहे.

त्या फोटोवरून मी तिला चिडवायचे. "जिंकली म्हणते, पुरावा काय?"

"त्या तिघी," ती म्हणायची.

संघाची सायकल शर्यत अशी असते. चौघी एका रांगेत चालवतात. पुढची वारा कापते, मागच्या तिच्या आडोशाने येतात. पुढची दमली की बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जाते आणि दुसरी पुढे येते. वेळ तिसऱ्या सायकलीची धरतात. चौथी मागे राहिली तरी चालतं. हे 'चालतं' मेघनाने फार मनावर घेतलं होतं. शेवटच्या टप्प्यात ती पुढे जायची आणि पुढेच राहायची. अंगात होतं नव्हतं ते संपवायची. मग गळायची. बाकीच्या तिघी तिने दिलेल्या वेगावर रेघ ओलांडायच्या.

आम्ही दोघी जबलपूरला, खमरिया फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. आमच्या घरांमधे दोन दारं. तिचे आजोबा नागपूरकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आले, तिचे बाबा श्रीकांतकाकाही तिथेच लागले. मी साहित्यात एम. ए. केलं म्हणून ती मला 'पंडितजी' म्हणायची. ती स्वतः बारावीनंतर कसंबसं कॉलेज करत होती. पहाटे मी खिडकी उघडली की धुक्यात सायकलींचे चार लाल दिवे कुंडमच्या रस्त्याला लागलेले दिसायचे.

त्या चौघींतली सगळ्यात लहान नेहा. ती कुंडमच्या पुढच्या एका पाड्यावरची. शाळेतून मिळालेल्या सायकलीवर चढ चढताना आलोक सरांनी तिला पाहिलं आणि क्लबमध्ये आणलं. आलोक सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. सरावानंतर मुली डबे उघडायच्या. नेहा लांब झाडाखाली जाऊन बसायची. तिच्या डब्यात कुटकीचा, म्हणजे वरीसारख्या बारीक धान्याचा, भात आणि मिरची असायची. सरांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी घरून परात आणली आणि चारही डबे तिच्यात उपडे केले.

"जो एक हवा में चलाते हैं, वो एक थाली में खाएँगे," ते म्हणाले. "ज्याला पटत नाही त्याने एकट्याच्या शर्यती चालवाव्यात."

तेव्हापासून परात सुरू झाली. कुटकीचा भात सगळ्यात आधी संपायचा. शैलजा, चौघींतली मोठी, म्हणायची, "नेहा, तेरी मम्मी को बोल, जास्त द्यायला. ही मेघना एकटी अर्धा खाते."

थंडीत पाड्यावरून पहाटे येणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून नेहा मेघनाच्या घरी राहायला आली. एका खाटेवर दोघी झोपायच्या. मेघनाच्या आईला, कुंदाकाकूंना, दुसरी मुलगी मिळाली. त्या नेहाला तेल लावायच्या, रागवायच्याही. "काहून अशी ओल्या केसांनी हिंडून राहिली गं? सर्दी होईल ना!"

सर्दी झालीच. राष्ट्रीय क्लब स्पर्धेला आठवडा राहिला होता. धुकं दाट होतं आणि दोघी खोकत होत्या. काकूंनी फळीवरची खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. त्या घरात सगळे त्याच बाटलीतून घेत. श्रीकांतकाकांना तिचा गुण यायचा. काकूंनी मोठा चमचा भरला.

"तोंड उघड."

आधी नेहा, कारण ती पाहुणी. मग त्याच चमच्याने मेघना. मी तिथेच चहा पीत बसले होते.

आलोक सर औषधांबाबत कडक होते. गोळी, पावडर, इंजेक्शन, काहीही घ्यायचं तर आधी त्यांना विचारायचं. मुली विचारायच्या. डोकं दुखलं तरी विचारायच्या. पण काकूंच्या चमच्याबद्दल विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. घरातल्या फळीवरचं ते औषध काढ्यासारखं, हळदीच्या दुधासारखं होतं. ते आईने दिलेलं होतं.

स्पर्धा राजस्थानात होती. त्या जिंकल्या. रेघेपाशी एक बाई आल्या. जिंकलेल्या संघातून एकीची लघवी तपासायची होती. चिठ्ठी टाकली. नेहाचं नाव निघालं. नेहा हसत गेली. परत आल्यावर म्हणाली, "दीदी, वो मैडम सामने खड़ी थीं, मेरी तो निकल ही नहीं रही थी." चौघी हसून हसून लोळल्या.

जबलपूरला परतल्यावर सगळे कमानिया गेटला खोव्याची जिलबी खायला गेलो. तिथेच मेघनाला फोन आला. दक्षिणेत मुलींचा एक व्यावसायिक संघ उभा राहत होता. त्यांनी शर्यत पाहिली होती. मॅनेजर म्हणाला, आम्हाला पहिल्या तिघींपेक्षा ती मागून एकटी आलेली मुलगी हवी आहे.

मेघनाने फोन ठेवला आणि हातातली जिलबी परत द्रोणात ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"पंडितजी," ती म्हणाली, "कुणीतरी मागे पण बघत होतं."

पुढच्या महिन्यात नेहाच्या तपासणीचा निकाल आला. खोकल्याच्या औषधातला एक घटक खेळाडूंना बंद होता. श्वासाच्या नळ्या मोकळ्या करणारा. सुनावणी होईपर्यंत नेहाला खेळायला मनाई झाली. आणि संघाचं सुवर्ण गेलं. एकीचा दोष निघाला की चौघींचा निकाल पुसला जातो. हा नियम सरांना माहीत होता. मुलींना तेव्हा कळला.

मग सगळं भराभर झालं. ज्या दुकानदाराने शर्यतीच्या सायकली दिल्या होत्या तो मालाची रिक्षा घेऊन आला. दोऱ्या बांधून सायकली घेऊन गेला. एका पेपरात बातमी आली आणि तिच्यात चौघींचा फोटो होता. तो फोटो मात्र मेघनासकट होता. दुसऱ्या आलेल्या संघाला सुवर्ण मिळालं. त्यांच्यातल्या एकीने मेघनाला फोन केला. म्हणाली, हॉस्टेलच्या ऑफिसात पदकांचा डबा आला, आम्ही सही करून घेतला, कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

शैलजा मेघनाच्या दारात येऊन बोलली. मी तिथे होते.

"माझ्या सासरी सांगितलंय, सुवर्ण आहे म्हणून. आता काय सांगू? चोर आहे म्हणून?"

नेहा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

"तू नाहीस चोर," मेघना म्हणाली.

"मला माहीत आहे मी नाही. पण चौघींना एका परातीत खायला लावलं ना सरांनी? घ्या खा आता."

त्यानंतर शैलजा बरेच दिवस आली नाही.

दक्षिणेतल्या मॅनेजरचा पुन्हा फोन आला. त्याचं बोलणं सरळ होतं. तुमचा नमुना घेतलेलाच नाही, तुमच्यावर काही आरोप नाही, आपलं ठरलं तसंच राहील. एप्रिलमध्ये या. काकूंनी देवापुढे साखर ठेवली, पण हळूच, नेहाला दिसू नये अशी.

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. लॅपटॉप माझा होता. मेघनाच्या घरच्या टेबलावर ठेवला, मागे चादर लावली. नेहा समोर बसली, शेजारी काकू. आलोक सर दाराशी उभे. मेघनाने साक्षीला बसू नये असं त्यांनीच ठरवलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समजावलं. औषध काकूंनी दिलं, चुकून दिलं, एवढंच सांगायचं. मेघनाचं नाव काढायचं नाही. घेतलं असं तोंडाने कबूल केलं तरी तो गुन्हाच धरतात, तपासणीत सापडायला लागत नाही.

"एक तरी वाचू द्या," सर म्हणाले.

नेहाने लगेच मान हलवली. मेघनाने हलवली का, मला आठवत नाही.

पडद्यावर तिघं होते. मधल्या बाई मऊ बोलत होत्या.

"दवा आपने दी?"

"हाँ जी," काकू म्हणाल्या. "मैंनेच दी."

"सिर्फ़ नेहा को?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. "हाँ जी."

"आपने लिखा है, खाँसी आपकी बेटी को भी थी. दोनों एक कमरे में थीं. अपनी बेटी को नहीं दी?"

काकूंनी पुन्हा दाराकडे पाहिलं. त्या बाईंनी मान वर केली. डावीकडच्या गृहस्थांनी काहीतरी लिहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला स्पष्ट दिसलं. स्वतःच्या मुलीला जपलं आणि दुसऱ्याच्या मुलीला पाजलं.

तेवढ्यात नेहा बोलली. "मैडम, आंटी ने नहीं दी. आंटी को पता ही नहीं. मैंने खुद निकालकर पी थी. मुझे पता था उससे साँस खुलती है."

सरांनी दाराची चौकट धरली. हे वाक्य कागदावर गेलं असतं तर नेहाचा खेळ संपला होता. जाणूनबुजून घेणाऱ्याला कुणी दया दाखवत नाही.

मेघना माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. ती उठली. टेबलाला वळसा घालून गेली. नेहाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडद्यात वाकून म्हणाली, "झूठ बोल रही है, मैडम. माँ ने दी थी. दोनों को दी थी. पहले इसको, फिर मुझको. एक ही चम्मच से."

"आप कौन?"

तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. संघातलं आपलं स्थानही सांगितलं. "चौथी," ती म्हणाली.

बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. त्या बाई म्हणाल्या, आप समझ रही हैं ना, इसका क्या मतलब है? मेघना म्हणाली, जी.

पडदा बंद झाल्यावर आलोक सर ओट्यावर जाऊन बसले.

"काहून बोलली?" ते म्हणाले. "सांग ना. काहून?"

"नेहा खोटं बोलून राहिली होती सर. अन् तिला येत नाही ना बोलता. बघा, कान लाल झाले होते तिचे."

ती हसायला गेली. ते हसू जमलं नाही.

दोघींवर एकेक वर्षाची बंदी आली. चूक नकळत झाली हे मान्य झालं, म्हणून एवढीच. नेहाची बंदी निकाल आला त्या दिवसापासून मोजली. मेघनाची सुनावणीनंतर सुरू झाली. मॅनेजरने फोन केला. तो सभ्य माणूस होता. वाईट वाटतं म्हणाला, पण संघाच्या नावाचा प्रश्न आहे म्हणाला. मेघनाने त्याला "थँक यू" म्हटलं. मला ते 'थँक यू' अजून ऐकू येतं.

बंदीत क्लबबरोबर सराव करता येत नाही. शिकवता येत नाही, शर्यतीत संघाच्या तंबूत उभंही राहता येत नाही. पहाटे मी खिडकी उघडायचे. धुक्यात मेघनाच्या जुन्या सायकलीचा एकच दिवा जायचा. काही आठवडे. मग तोही दिसेनासा झाला. मी विचारलं नाही. तिने कमानिया गेटजवळ कपड्यांच्या एका दुकानात काम धरलं.

काकूंनी फळी रिकामी केली होती. औषधच काय, ओवाअर्कसुद्धा टाकून दिला. श्रीकांतकाकांचं अंग दुखलं तर ते स्वतः जाऊन गोळी आणायचे. काकू हात लावायच्या नाहीत. कुणी खोकलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या.

पुढच्या हिवाळ्यात नेहाची बंदी संपली आणि ती क्लबमध्ये परत आली. सरांनी कुठून तरी जुन्या सायकली जमवल्या होत्या. शैलजाही आली. चौथी मुलगी नवी होती. कुंडमच्या रस्त्यावर शर्यत झाली. मेघना आणि मी दोरीच्या बाहेर, शेंगा विकणाऱ्याजवळ उभ्या राहिलो. लांबून रांग आली. पुढे नेहा होती. ती बाजूला झाली नाही. पुढेच राहिली, मान खाली घालून, तोंड उघडं टाकून. आमच्या समोरच ती गळली. बाकीच्या तिघी पुढे निघून गेल्या.

मेघनाने दोरी दोन्ही हातांनी धरली होती. "जास्त वेळ राहिली पुढे," ती पुटपुटली. "इतकं नव्हतं राहायचं. कुणी शिकवलं हिला?"

संघ दुसरा आला. थोडक्यात गेलं. चौघींना रौप्य मिळालं. नेहा ते घेऊन थेट मेघनाकडे आली आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. मेघनाने ते परत तिच्या गळ्यात घातलं.

जानेवारीत मेघना आजारी पडली. छाती भरून आली होती. डॉक्टरने लिहून दिलं आणि श्रीकांतकाकांनी बाटली आणून फळीवर ठेवली. दुपारी मी गेले तेव्हा बाटली तशीच होती, सील न फोडलेली. तिची बंदी संपायला थोडेच आठवडे उरले होते. सरांनी तिच्यासाठी सायकल तयार ठेवली होती. नेहा रोज सरावावरून येऊन सांगायची, दीदी, सीट आपके हिसाब से करवा दी है.

काकू गरम पाणी घेऊन खाटेपाशी बसल्या होत्या. नेहाने आल्या आल्या बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली होती. "इसमें वही है," ती म्हणाली. "मत देना आंटी."

मेघना खोकत होती. खोकला थांबेना. मग थांबला. ती म्हणाली, "आई, दे ना."

"नाही गं बाई."

"दे. मला आता चालतं."

काकूंना आधी कळलं नाही. मला कळलं. नेहालाही कळलं. काकू आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनाही कळलं.

"अगं, सरांनी सायकल ठेवलीय ना तयार... आता चालवणार नाहीस?"

"आई," मेघना म्हणाली. "छाती दुखते."

काकूंनी सील फोडलं. चमचा भरताना औषध चादरीवर सांडलं, म्हणून पुन्हा भरला. नेहा उठून बाहेर ओट्यावर गेली.

मेघनाने तोंड उघडलं.