सुमतीबाई आणि आरीतोंडे बदकं

माही सासू सुमतीबाई म्हणजे तिखट बाई. वाडीमागच्या तलावात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकते आणि बदकांले शिव्या देते. साऱ्याच नाही, थंडीत येऊन, बुडी मारून मासे पकडणाऱ्या बदकांले. त्यांच्या बारीक चोचीले आरीसारखे दाते असतात, म्हणून ती त्यांले 'आरीतोंडे' म्हणते. माहे सासरे आनंदराव 'बुडे' म्हणतात. दुर्बीण घेऊन येणारे लोक तिसरंच नाव सांगतात. "नाव कोणतंबी ठेवा, मासे माहेच खातात मेले!" इति सासू.

त्या सकाळी लांबलचक जाळं खाली अडकलं. कुठं, ते गढूळ पाण्यात दिसेना. सासरे ते सोडवायले पाण्यात उतराले लागले, तशी मी काठावरून ओरडली, "मामाजी, राहू द्या! थंडीनं हात थरथरून राहिले तुमचे." ऐकतील तर शप्पथ! या वयात पोरासारखी उडी घेतली, जाळं धरून खाली गेले आणि वर आलेच नाही.

मग एक काळं डोकं वर आलं. माहा जीव भांड्यात पडला. पण ते बदक निघालं. पलीकडं दुसरं डोकं, तेही बदकच. मले पोहता येत नाही, शहरातली पोरगी मी. "मामाजी!" म्हणून बोंबलली.

"चूप बस वं!" सासू ट्यूबवरून खेकसली. तिची नजर बदकांवर होती. मले असा राग आला! माणूस पाण्यात गेला आणि ही बाई बदकं पाहून राहिली!

तेवढ्यात एका जागची सारी बदकं फडफडत पाण्यावरून पळाली. खाली काहीतरी मोठं हललं होतं. सासूनं हातांनी पाणी मारत ट्यूब तिकडं नेली, खांद्यापर्यंत हात घातला. हाताले बोटं लागली, बोटांभोवती जाळं. तिनं कमरेचा विळा काढून जाळं सपासप कापलं.

काठावर आणलं तेव्हा मामाजी निळे पडले होते. मले वाटलं, संपलं. सासूनं त्यांले पालथं घालून पाठीत बुक्क्या हाणल्या. पाणी ओकले, खोकले.

"श्वास घ्या," ती म्हणाली.

मी काटक्या पेटवल्या, थर्मासमधला चहा दिला. मामाजीनं अर्धा कप संपवला. सासूचा हात त्यांच्या छातीवरच होता.

"श्वास घ्या हो. घ्या."

"घेऊनच राहिलो ना वं!"

"घ्या," ती म्हणाली.