बोंबलांनी राखलेला प्रबंध

उत्तनच्या कोळीण रोजाबाय नसत्या, तर माझा धाकटा भाऊ वसंता एम.ए. झाला नसता आणि मी आज जिवंत नसतो.

आम्ही माणदेशातले. घरची गुरं राखायला एकजण हवा होता. मी चौथीतून शाळा सोडली, वसंता शिकत राहिला. पुढे पोटासाठी मी उत्तनजवळच्या मुर्ध्याच्या मिठागरावर राखणदार झालो. वसंता मुंबईला 'राष्ट्राचा अभ्यास' या विषयात एम.ए. करू लागला. थोडे पेपर द्यायचे आणि एक प्रबंध लिहायचा. (राष्ट्राचा अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे मी चारदा विचारलं. चारदा मान डोलावली!)

लढाईचे दिवस. कागद मिळेना. जेवढा मिळाला त्यावर एकच प्रत टाईप करून झाली. शेवटचा पेपर द्यायला माझ्या खोलीवरून निघताना वसंतानं तो गठ्ठा माझ्या हाती दिला.

"दादा, सोमवारी दाखल करायचाय. जीव गेला तरी चालेल, हा सांभाळ."

"कुणाचा जीव?"

"तुझा!"

तो गेला आणि मला खोलीच्या भिंतीवर वाळवी दिसली! काळजीनं जेवण जाईना. मग आठवलं, रोजाबाय आमच्याकडून मीठ नेतात, त्यात मासे पुरतात आणि ते वर्षभर टिकतात. वा! पिंप घेतलं, खाली मिठाचा थर, वर दहा पानं, पुन्हा मीठ, पुन्हा दहा पानं. राष्ट्र सुरक्षित!

माणदेशातल्या माणसाला काय ठाऊक, की कच्च्या मिठाला खाडीच्या हवेत घाम फुटतो! शनिवारी सकाळी पिंप उघडलं आणि मलाही फुटला. पानं भिजून एकमेकांना चिकटलेली. तेवढ्यात रोजाबाय टोपली घेऊन हजर.

"काय रं, रडतोस का?"

मी सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"मिठाला पाणी सुटतं ते दिसलं न्हाय तुला? चल उत्तनला. ऊन हाय."

त्यांच्या अंगणात बोंबील वाळत होते. बोंबील जोडीनं वाळवतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. बाईंनी एकेक पान दोरीवर घातलं आणि वर बोंबलांची जोडी बसवली. वारा सुटला, तरी एक पान हललं नाही! दीडशे पानं आणि तीनशे बोंबील प्रबंध तोंडात धरून लटकलेले. मी काठी घेऊन कावळे हाकत होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा?"

वसंता! पेपर संपवून, मिठागरावर विचारत मला शोधत आला होता. त्यानं दोरीकडे पाहिलं. जवळ जाऊन एक ओळ वाचली.

"हा माझा तिसरा अध्याय आहे."

"पयला तिकडं हाय," रोजाबाय म्हणाल्या. "त्याला मांजरीनं जरा चाटलाय."

टाईप केलेलं एक अक्षरही पुसलं नव्हतं. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. मी पानं लावली, बाईंनी मीठ झटकलं, वसंतानं फक्त उसासे टाकले. सोमवारी प्रबंध दाखल झाला.

तोंडी परीक्षेला प्राध्यापकांनी नाकाला रुमाल लावून पानं उलटली आणि म्हणाले, "किनाऱ्यावरच्या लोकांत राहून काम केलेलं दिसतंय."

"हो सर," वसंता म्हणाला. "अगदी जवळून."

पास झाला! पेढे घेऊन मी थेट उत्तनला गेलो आणि रोजाबायच्या पाया पडलो.

"बाय, तुमचे उपकार मी एक ना एक दिवस फेडणार. बोंबील वाळवायला नवे बांबू आणून मांडव घालून देतो."

"बांबू धाड बाबा," त्या पेढा खात म्हणाल्या. "तू नको येऊस."

बांबू मी पाठवणार आहे. नक्की पाठवणार! फक्त ते निघेपर्यंत कुठे नीट सांभाळून ठेवावेत, एवढाच प्रश्न आहे.