जनरलसाहेबांना घातलेला हार

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वेडंवाकडं, त्याबद्दल आधीच माफी. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण मटार सोलताना बोटांना लागणारा तो ओला, हिरवा, गोडसर वास शाळेत थोडाच शिकावा लागतो!

त्या वासाबरोबर मला सिंगापुरातल्या हौगांगच्या आमच्या या फ्लॅटच्या शेजारीणबाई आठवतात, रशियाच्या व्हेराबाई. माझ्यासारख्याच लेकाकडे राहायला आलेल्या. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं मुळीच नाही. मध्ये दुभाषी माझी नात मीरा. मी बोलायला लाजणारी, त्यांना बोलल्याशिवाय करमत नाही. परदेशात माझी मैत्रीण काय ती हीच.

मटार सोलता सोलता त्या आपल्या वडिलांचं दुसरं महायुद्ध सांगत. साधा शिपाई म्हणून भरती झालेले, बर्फातून माघार घेताना रडलेले, मग फळकुटांवरून नदी ओलांडून लढलेले आणि पुढे कित्येक वर्षांनी जनरल झालेले. टेबलावर सालींची नदी, दाण्यांच्या पलटणी! जिंकलेल्या पलटणीची संध्याकाळी उसळ होई.

रशियाच्या विजयदिनी मी त्यांच्याकडे चहाला गेले. जनरलसाहेबांचा पदकं लावलेला तरुणपणीचा फोटो पुसून मांडलेला, पुढे फुलं, बाईंचे डोळे भरलेले. मला गलबलून आलं. घरी धावले, देवासाठी आणलेला मोगऱ्याचा हार आणून फोटोला घातला आणि हात जोडले. हा कशाचा मान, असं त्यांनी विचारलं. मीरानं सांगितलं, आमच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. व्हेराबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि मीरा इथल्या पोरांच्या ढंगात ओरडली, “आजी, अगं ते अलाइव्ह आहेत, लाह! मॉस्कोत!”

शंभरीला टेकलेल्या जित्याजागत्या माणसाला मी मारून ठेवलं होतं! पुढे कित्येक दिवस त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायचे. एकुलती मैत्रीण अशी कोणी घालवतं का?

मग एका सकाळी व्हेराबाईच आमच्या दारात, कानाला वडिलांचा फोन आणि तोंडभर हसू. मीरा सांगत गेली: “आजी, ते म्हणतात, युद्धात मी मेलो म्हणून दोनदा घरी कळवलं होतं, आता सिंगापूरनंही कळवलं!”

माझा जीव भांड्यात पडला. लाजत म्हटलं, “त्यांना सांग, जिवंतपणी मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं.”

पलीकडून खोकत खोकत हसू आलं. “मग दर आठवड्याला हार घाला म्हणावं!”

तेव्हापासून दर शुक्रवारी मी दोन हार आणते, एक देवाचा, एक त्या खट्याळ म्हाताऱ्याचा. आणि व्हेराबाईंची बेल वाजवायला मला आता मीरा सोबत लागत नाही.